राणीएवढं पाणी

एका राज्यात काठीचं राज्य होतं. सिंहासनावर राजा बसे हे खरं. पण राजाच्या हातात काठी असे, आणि काठी म्हणेल तेच राजा म्हणे. राजाचं नाव दंडधर. दूध असो, तेल असो, मध असो की जोंधळे असोत, भांड्यात काठी उभी करायची आणि माल कुठवर चढला ते बघायचं. वर चढला तर जास्त, खाली राहिला तर कमी. झालं माप! भांडं रुंद किती, त्याचं पोट केवढं, हे विचारणाऱ्याला लोक हसत.

आता लोक काही दूधखुळे नसतात. गवळ्यांनी चरव्या टाकल्या आणि बांबूच्या नळ्या धरल्या. कुंभाराच्या चाकावरून माठ उतरे तो उसासारखा. ताक प्यायला शिडी लागे. धान्याच्या कणग्या इतक्या उंच आणि इतक्या बारीक, की वारा सुटला म्हणजे माणसं त्यांना मिठ्या मारून उभी राहत. एकदा सगळं गाव असं कणग्या धरून उभं असताना चोर आले. गावाची ती दशा पाहून चोरांना दया आली, आणि तेही एकेक कणगी धरून उभे राहिले. खोटं वाटत असेल तर त्या चोरांना विचारावं.

पोरांचं मात्र हसू होत नसे, रडू होई. नळी भरलेली आणि पोट रिकामं. पोर रडलं की मोठी माणसं म्हणत, "काठीभर प्यायलास की! आणखी कुठे ओतू?"

मूल मोठं झालं म्हणजे वाजतगाजत त्याच्या हाती काठी देत, आणि ती मग मरेपर्यंत सुटत नसे. सगळ्या राज्यात बिनकाठीचं मोठं माणूस एकच, राणी कमलजा. ती दूरदेशाहून आलेली. कुणी टोकलं तर म्हणे, "पोरं उचलायची तर हात मोकळे नकोत?"

राजवाड्यातल्या शाळेवर निळोपंत नावाचे पंतोजी होते. मन लोण्याचं, आवाज ढगाचा, आणि काठीला दोन कामं. उजव्या बाजूने माप, डाव्या बाजूने मार. पोरांकडून ते रोज घोकून घेत:

उंच ते फार, बुटकं ते थोडं,
काठीवाचून शहाणपण वेडं!

दुपारी राणी लाह्यांची परडी घेऊन शाळेत येई आणि दारातूनच विचारी, "पंतोजी, आज कुणाला मारलंत?" निळोपंत काठी पाठीमागे लपवत. राणी हसे, आणि मार खाल्लेल्याला दोन मुठी लाह्या जास्त देई. त्यामुळे मार खायलाही पोरांची रांग असे.

असं सुखात चाललेलं असताना एके दिवशी दरबारात एक मांत्रिक आला. नाव घटोदर. बुटका, गोल, रांजणाला दाढी फुटावी तसा. हातात कमंडलू होता, तोही तसाच, बसका आणि पोटाळ.

"राजा, तहान लागली आहे," मांत्रिक म्हणाला. "एवढा कमंडलू दुधाने भर."

राजाने पुरुषभर उंचीची नळी आणवली आणि कमंडलूत रिकामी केली. दूध तळाशीच राहिलं. दुसरी ओतली, तिसरी ओतली. कमंडलू अर्धाही भरेना.

सचिव ओरडला, "महाराज, हा चोर आहे! एवढ्याशा भांड्यात एवढं उंच दूध मावेल कसं? मंत्राने गिळतोय हा!"

दरबार हसला. कुणीतरी काठी उचलून कमंडलूवर ठाणकन मारली. मांत्रिकाचे डोळे लाल झाले आणि शाप ओठांवर आला.

तेवढ्यात राणी उठली. "पाहुण्याला असं हसू नये," ती म्हणाली. मांत्रिकाकडे वळून म्हणाली, "थांबा बाबा, मी आणखी दूध आणते." आणि रिकामी नळी घ्यायला ती राजासमोरून पुढे झाली.

शाप सुटायला आणि ती पुढे व्हायला एकच गाठ पडली. शाप राजावर सोडलेला, लागला राणीला. पैंजण वाजता वाजता थांबले, आणि जिथे राणी उभी होती तिथे फरशीवर नुसतं पाणी.

सगळ्यांच्या आधी रडला तो मांत्रिक. त्याने मंत्र म्हणून ते पाणी उचललं. फरशी कोरडी ठणठणीत झाली, एक थेंबही मागे राहिला नाही.

"सुटलेला शाप मलाही परत घेता येत नाही," तो म्हणाला. "पण त्याला उतार आहे. माझ्या गुहेत तीन भांडी असतील. एका भांड्यात तुमची राणी असेल, थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. ते भांडं ओळखायचं. अंदाजाने नव्हे, दाखवून द्यायचं. चुकलात तर ती नदीची झाली. आणि उशीर करू नका. वैशाख लागला की माझ्या गुहेत ऊन शिरतं. पाणी आटलं तर राणी आटली. आणखी एक. हातात काठी असलेल्याला गुहेचं दार उघडत नाही."

एवढं बोलून तो गेला. अर्धवट भरलेला कमंडलू दरबारातच राहिला.

राजाने काठी खाली ठेवायला हात पुढे केला. सचिव म्हणाला, "महाराज, काठी ठेवलीत तर राजा कोण, हे आम्ही ओळखायचं कसं?" हात तिथेच थांबला.

"शिवाय उत्तर सोपं आहे," सचिव म्हणाला. "राणीसाहेब मोठ्या. तीनांत उंच भांडं असेल ते त्यांचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. निळोपंतांनीही डोलावली. इतक्यात त्यांच्या उपरण्याला कुणीतरी ओढलं. राजकन्या इंदुला होती. सात वर्षांची, डोळे रडून सुजलेले.

"पंतोजी, आई उंच कुठे होती?" ती म्हणाली. "आई मऊ होती. तिच्या मांडीवर मी मावायचे, उशी मावायची, मांजरसुद्धा मावायचं. काठीच्या मांडीवर कोण मावतं?"

शाळेत निळोपंतांना उत्तर सुचलं नाही की ते काठी आपटत. त्यांनी काठी उचलली, तिच्याकडे पाहिलं, आणि ती कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"महाराज, मी जातो," ते म्हणाले. "आणि शाळेतली पोरं नेतो. त्यांच्या हातांत अजून काठी आलेली नाही."

"काठीवाचून पोरं तुमचं ऐकतील?" राजाने विचारलं.

"ऐकू," इंदुला म्हणाली. "थोडंथोडं."

अशी ती यात्रा निघाली. पुढे निळोपंत, हात कुठे ठेवावेत हे न कळलेले. मागे इंदुला. तिच्यामागे माहुताची मुलगी कुसरी, जिला हत्तीची भीती नव्हती पण पाढ्यांची होती. सगळ्यांत शेवटी सेनापतीचा दुर्जय, जो शाळेत सर्वांत जास्त लाह्या खात असे. का, ते सांगितलंच आहे.

डोंगर चढून वर आले तर गुहेच्या तोंडाशी फांदीवर एक खंड्या बसलेला. निळी पाठ, लांब तांबडी चोच, आणि तोंड अगदी फाटकं.

"या पंतोजी," खंड्या म्हणाला. "काठी कुठे?"

"घरी."

"अरेरे! मग नाक कशाने खाजवता?"

पोरं फिस्सकन हसली. पंतोजींनी त्यांच्याकडे डोळे वटारले. पण नुसते डोळे कितीसे लागणार?

"ऐका," खंड्या म्हणाला. "दोन दारं, दोन कोडी. तिसरं कोडं आत. हे पहिलं."

दारासमोर दोन भांडी होती, दोन्ही पाण्याने काठोकाठ. एक काचेची नळी, दोन पुरुष उंच. दुसरं गुडघाभर उंचीचं फुगीर मडकं.

"कशात पाणी जास्त?"

"नळीत," निळोपंत म्हणाले. शब्द तोंडातून निघाला मात्र, आणि बैलगाडी जाईल एवढं दार आकसून बैल जाईल एवढं झालं.

"आणखी एकदा बोला," खंड्या म्हणाला. "म्हणजे पुढच्या खेपेस मुंग्यांना पाठवावं लागेल."

कुसरी दाराकडे आणि मडक्याकडे आळीपाळीने पाहत होती. "ओतून बघू या का?" ती हळूच म्हणाली.

"पाण्याशी खेळायचं नाही!" पंतोजी सवयीने गरजले.

"मग कशाशी खेळायचं? व्याकरणाशी?" खंड्या म्हणाला.

पंतोजी बाजूला सरले. बाजूला एक रिकामा डेरा होता. पोरांनी नळी आडवी केली आणि सगळं पाणी डेऱ्यात घेतलं. पाणी जिथवर आलं तिथे कुसरीने कोळशाने रेघ ओढली. मग डेरा रिकामा केला आणि त्यात मडकं ओतू लागली. पाणी रेघेपर्यंत आलं. रेघ बुडाली. आणि मडक्यात पाणी अजून होतंच.

निळोपंत पाहत राहिले. "पुन्हा करा," ते म्हणाले. पोरांनी झऱ्याचं पाणी आणून दोन्ही भांडी भरली आणि पुन्हा केलं. "आता मी करतो," ते म्हणाले, आणि धोतर खोचून त्यांनी स्वतः ओतलं. रेघ पुन्हा बुडाली. चाळीस वर्षं डोळ्यांनी सांगितलेलं एकीकडे, आणि ओल्या हातांनी सांगितलेलं एकीकडे.

"मडक्यात जास्त," अखेर ते म्हणाले. "मडक्याचं पोट मोठं आहे, आणि मला ते कधी दिसलं नाही."

दार उघडलं, बैलगाडीएवढं.

दुसऱ्या दाराशी दगडाच्या दोन मूर्ती होत्या. एक पिसारा फुलवलेला मोर, उंच, देखणा. दुसरं कासव, बुटकं, जाडजूड. शेजारी पाण्याने तुडुंब भरलेली दगडी डोणी होती, आणि डोणीभोवती कोरडा खळगा.

"या दोघांत जागा जास्त कोण अडवतं?" खंड्याने विचारलं.

"हे कसं ओतायचं?" कुसरी म्हणाली. मोर ओतता येत नाही, हे सगळ्यांनाच मान्य होतं. त्यांनी मूर्तींना मिठ्या मारून पाहिल्या. मोर टोचला. कासवाभोवती हात पुरेनात. पिसाऱ्याच्या फटी जागेत धरायच्या की सोडायच्या, यावर इंदुला आणि कुसरी भांडू लागल्या.

दुर्जयचे पाय चालून चालून पेटले होते. भांडण रंगलंय असं पाहून त्याने हळूच एक पाय डोणीत सोडला. भसकन पाणी बाहेर आलं आणि खळग्यात सांडलं.

"दुर्जय! पाणी सांडलंस!" पंतोजींचा हात उगारला गेला. हातात काठी नव्हती. रिकामा हात तसाच वर राहिला, आणि दुर्जयने मान खाली घालून, सवयीप्रमाणे, आपला हात पुढे केला.

त्या इवल्या, मुकाट पुढे आलेल्या हाताकडे निळोपंत पाहत राहिले. आयुष्यात असे किती हात पुढे आले होते! मग त्यांची नजर डोणीतल्या पायाकडे गेली, आणि पायावरून सांडलेल्या पाण्याकडे.

"दुर्जय," ते हळूच म्हणाले, "पाणी का सांडलं रे?"

"मी पाय घातला म्हणून."

"किती सांडलं?"

दुर्जयने विचार केला. "माझ्या पायाएवढं?"

निळोपंतांनी त्याचा पुढे केलेला हात धरला आणि त्यावर काहीच मारलं नाही. दुर्जयला हे इतकं नवीन होतं की तो रडायलाच लागला.

पुढचं सोपं होतं. डोणी काठोकाठ भरली, खळगा पुसून काढला, मोर अलगद बुडवला. सांडलेलं पाणी एका मडक्यात जमवलं. मग पुन्हा डोणी भरून कासव बुडवलं. कासवाचं पाणी मोराच्या पाण्याहून दुप्पट भरलं.

"कासव," तिन्ही पोरं एकदम ओरडली.

"आणि पिसाऱ्याच्या फटी जागेत नाहीत," कुसरी इंदुलाला म्हणाली. "फटीत पाणीच असतं."

दुसरं दार उघडलं.

आत घटोदर मांत्रिक जपमाळ घेऊन बसला होता. त्याच्यापुढे तीन भांडी होती. पहिला एक स्फटिकाचा खांब, आत पाणी, इतका उंच की टोक अंधारात. दुसरा मातीचा रांजण. तिसरी एक पितळी परात. चार माणसं मांडी घालून बसतील एवढी रुंद, पण पाणी जेमतेम बोटभर. गुहेच्या तोंडातून उन्हाची एक तिरीप आत सरकत होती, आणि तिचं टोक परातीपासून हातभर राहिलं होतं.

"तुमची राणी यांतल्या एका भांड्यात आहे," मांत्रिक म्हणाला. "मागाल ते देईन, काठी सोडून. ओता, मोजा. पण जपून. इथलं पाणी सांडलं तर सांडलं ती राणी असेल."

निळोपंत खाली बसले. कोणत्या भांड्यात किती पाणी, हे आता त्यांना काढता आलं असतं. पण राणी किती, हे कुठून काढायचं? जी नाही तिला बुडवायचं कुठल्या डोणीत?

"ताईसाहेब," ते म्हणाले, "आपल्या आईसाहेब केवढ्या होत्या?"

इंदुलाने दोन्ही हात पसरले. ते पुरेनात म्हणून आणखी पसरले. मग तिचा चेहरा एकदम बदलला.

"हौद!" ती म्हणाली. "पंतोजी, आमचा न्हाणीतला हौद! सकाळी पाणी देठापर्यंत असायचं. आई आत उतरून बसली की पाणी पाकळ्यांपर्यंत चढायचं. रोज. मी काठावर बसून बघायचे."

राजवाड्यातल्या त्या दगडी हौदाच्या आतल्या अंगाला कमळ कोरलेलं होतं, खाली देठ, वर पाकळ्या.

"आमचा हौद पाहिजे," इंदुला मांत्रिकाला म्हणाली.

मांत्रिकाने टाळी वाजवली. तिकडे राजवाड्यात हौद जमिनीतून उपटला गेला आणि आकाशात चढला. गच्चीवरून राजाने पाहिलं. "सचिव, हौद चालला," तो म्हणाला. सचिव म्हणाला, "महाराज, उंच चालला. म्हणजे मोठाच झाला असणार!" हौद गुहेत उतरला तेव्हा त्यात शेवाळ होतं, एक घाबरलेला बेडूक होता, आणि काठावर राजाचं वाळत घातलेलं उपरणं होतं.

पोरांनी बेडूक बाहेर काढला आणि झऱ्याच्या पाण्याने हौद पाकळ्यांपर्यंत भरला. मग मांत्रिकाने एका साच्यातल्या कळश्या मांडल्या. हौदातलं पाणी कळशीकळशीने काढत पोरांनी ते देठापर्यंत उतरवलं. अकरा कळश्या भरल्या.

"अकरा कळश्या," दुर्जय कुजबुजला. "राणीसाहेब अकरा कळश्या आहेत."

आता ती तीन भांडी. स्फटिकाचा खांब मोठ्या काळजीने वाकवला. एवढा उंच खांब, आणि भरल्या सहाच कळश्या. निळोपंतांनी सचिवाची आठवण काढून मान हलवली. मग रांजण. नऊ. दहा. अकरा. थेंब उरला नाही, थेंब कमी पडला नाही.

"रांजण!" निळोपंत उडी मारून उठले. "अकराला अकरा! मांत्रिका, आमचं उत्तर—"

"पंतोजी, परात राहिली," इंदुला म्हणाली.

"परातीत काय असणार ताईसाहेब? बोटभर तर..." आणि ते थांबले. त्यांनी आपल्याच गालावर हलकी चापट मारून घेतली. "मोजू या. परातही मोजू या."

परातीतलं पाणी करवंटीने उचलून कळश्यांत घातलं. दहा. अकरा. पाणी अजून होतंच. बारावी कळशी गळ्यापर्यंत भरली तेव्हा परात कोरडी झाली.

"हे जास्त झालं," कुसरी म्हणाली. "म्हणजे रांजणच."

मांत्रिकाच्या हातातली माळ थांबली. उन्हाची तिरीप परातीच्या काठाला टेकली. इंदुला मात्र हौदाकडे बघत होती, आणि तिला रोजची सकाळ दिसत होती. वाफ, उटण्याचा वास, आणि पाण्यातून तिच्याकडे पाहणारी आई.

"आई डोकं बुडवायची नाही," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"पंतोजी, आई गळ्यापर्यंत पाण्यात बसायची. डोकं वर असायचं. मी काठावर असायचे ना! पडेन म्हणून बघत राहायची. अकरा कळश्या म्हणजे डोक्यावाचूनची आई. मला डोक्यासकट पाहिजे."

गुहेत बेडूकसुद्धा ओरडला नाही.

निळोपंतांनी पगडी काढली. "घंगाळ आणा," ते म्हणाले. घंगाळ काठोकाठ भरलं, दाराशी असलेली डोणी रिकामी करून तीत ठेवलं, आणि निळोपंतांनी त्यात मानेपर्यंत डोकं बुडवलं. शेंडी वर तरंगली. पोरं हसू दाबून लाल झाली. सांडलेलं पाणी जमवून एका कळशीत भरलं, तर कळशी काठोकाठ.

"बारावी तर गळ्यापर्यंतच आहे," कुसरी म्हणाली. "पंतोजींचं डोकं मोठं."

"त्यात काठी होती इतकी वर्षं," खंड्या बाहेरून म्हणाला.

"थांबा," इंदुला म्हणाली. ती निळोपंतांच्या ओल्या डोक्याभोवती हात टाकून उभी राहिली. बोटांना बोटं भेटेनात. मध्ये दोन बोटांचं अंतर राहिलं. "आईच्या डोक्याभोवती माझी बोटं भेटायची. रोज रात्री. आईचं डोकं थोडं लहान. कळशीच्या गळ्यापर्यंतच." आणि तिने आपल्या चिमण्या बोटाने बारावी कळशी दाखवली. "आई परातीत आहे."

"दाखवून दिलंत," मांत्रिक म्हणाला. "लवकर! ऊन आलं. राणीला परातीत परत ओता."

पोरं धावली नाहीत. जपून, पावलापावलाने, प्रत्येक जण कळशी पोटाशी धरून चालला, जसं झोपलेलं तान्हं नेतात. शेवटची कळशी दुर्जयकडे होती. परातीच्या काठाशी त्याची कळशी किंचित कलली, आणि एक थेंब, एकच, कळशीच्या कडेवरून निसटून तापल्या दगडावर पडला. सुर्रकन उडून गेला.

दुर्जय दगडासारखा उभा. "पंतोजी," तो म्हणाला, "मी राणीसाहेबांचं काय सांडलं?"

निळोपंतांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जे सांडलं ते सांडलं, बाळा. उरलेल्या राणीसाहेब सांभाळून ओत."

त्याने ओतलं.

परातीतलं पाणी थरारलं. मध्ये गोळा झालं, उठलं, आधी पैंजण, मग पदर, मग मऊ हात, मग गळा, आणि सगळ्यांत शेवटी डोकं. राणी कमलजा परातीत उभी होती. हात पुढे केलेला, नळी उचलायला करावा तसा. तिने मांत्रिकाकडे पाहिलं आणि जणू मध्ये काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "थांबा बाबा, मी आणखी दूध आणते."

मग इंदुलाने तिच्या कमरेला मिठी मारली, आणि तिला समजलं की मध्ये बरंच काही घडलं आहे.

हौद आला तसाच परत गेला, पण या वेळी भरून: राणी, पोरं, पंतोजी, मांत्रिक आणि बेडूक, सगळे त्यात मावले. खंड्याला काठावर जागा मिळाली, राजाच्या उपरण्यावर. राजवाड्यात उतरताच राणीने पदर खोचला आणि कमंडलूत दूध ओतायला घेतलं. एक नळी, दुसरी नळी, किती नळ्या. अखेर दूध काठाला आलं. जादू नव्हतीच त्या कमंडलूत. पोट होतं. घटोदर मांत्रिक ते दूध बसून प्याला, दाढी पुसली, आणि कुणालाही शाप न देता गेला.

राजाने ते सगळं पाहिलं. त्याच्या हातातली काठी कधी गळून पडली, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. राणीला उचलून घ्यायला त्याला दोन्ही हात लागले. आणि नवल असं, की काठी नसतानाही राजा कोण हे सगळ्यांना ओळखू आलं. रडत होता तो राजा.

त्या राज्यात पुन्हा चरव्या आल्या, घागरी आल्या, पोटाळ कणग्या आल्या. पोरांना पोटभर दूध मिळू लागलं. काठ्यांवर लोकांनी घेवड्याचे वेल चढवले. निळोपंतांच्या शाळेत आता फरशी कधी कोरडी नसते; पोरं ओततात, बुडवतात, सांडतात, आणि सांडलं की पंतोजी एवढंच विचारतात, "किती सांडलं रे?" दुपारी राणी लाह्या घेऊन येते आणि दारातून विचारते, "पंतोजी, आज कोण भिजलं?" लाह्या अजून दुर्जयलाच जास्त मिळतात.

आणि तो थेंब?

राणी परत आली त्या दिवसापासून हसली की तिच्या डाव्या गालावर खळी पडते. आधी ती नव्हती. दुर्जयने पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो खांबाआड जाऊन लपला. राणीनेच त्याला ओढून मांडीवर घेतलं, आणि इंदुलाने बोटाच्या टोकावर पाण्याचा एक थेंब आणून हसऱ्या आईच्या खळीत ठेवला.

बरोबर मावला.

थेंब मावला, खळी भरली, आणि कहाणीही काठोकाठ झाली. ज्याला उणी वाटेल, त्याने आपलं भांडं आणावं आणि ओतून बघावं.